चुकलेल्या मजल्यावरची ओटी

शुक्रवारची सकाळ म्हणजे आमचा सणच. बहारीनच्या अदलिया भागातल्या एका व्हिलाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जणी जमायचो आणि गावाकडून नव्यानं आलेल्या बायकांना फोन लावायला, डॉक्टरांशी बोलायला, एकटीनं बाजारात जायला शिकवायचो. नाव समाजसेवेचं, पण निम्मा वेळ खिदळण्यातच जायचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि बहारीन आपल्याच जिवावर चाललंय अशा थाटात आम्ही वावरायचो.

अशाच एका शुक्रवारी चिपळूणकडचा एक ड्रायव्हर दारात उभा राहिला. "वहिनी, बायको आल्यापासून दोन महिने घराबाहेर पडली नाय. कोण आलं तरी दार उघडत नाय. परत जाते म्हणते, रविवारचं तिकीट काढलंय. कायतरी करा."

आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "तिला सांगून ठेव, ओटी भरायला येतोय. ओटीला कुठली सवाशीण नाही म्हणेल?"

दुपारी नारळ, तांदूळ, खण घेऊन पाचही जणी एका छोट्या गाडीत कोंबून बसलो. चालवणारीला लायसन मिळून जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे वाटभर रामनाम आणि हसू एकदमच चाललं होतं. त्या नादात जिन्यात एक मजला आधीच थांबलो.

दार उघडलं ते एका धिप्पाड अरब बाईनं. काकूंचं डोकं पिशवीत. "पदर पुढे कर गं," म्हणत त्यांनी तांदळाची ओंजळ पुढे केलीसुद्धा! बाईनं क्षणभर बघितलं आणि सरळ अंगावरच्या काळ्या अबायाचा घोळ पसरला. सुरू केलेली ओटी अर्धवट कशी सोडायची? नारळ गेला, खणही गेला. बाई गदगदून हसायला लागली आणि आम्ही जिन्यातच बसकण मारली.

तेवढ्यात वरचं दार वाजलं. कठड्यावरून एक किडकिडीत मुलगी वाकली.

"अहो, माझी ओटी तिकडं कुणाच्या पदरात भरताय? मी इथं वर हाय!"

"यल्ला!" म्हणत अरब बाई पुढे, आम्ही मागे. वर जाऊन तिनं सगळी ओटी त्या मुलीच्या पदरात ओतली, वर तिचे गाल कुरवाळले. मुलगी हसता हसता रडली. मीही रडले. मी आले तेव्हा वर्षभर माझं दार कुणी वाजवलं नव्हतं.

रविवारी विमान गेलं, ती गेली नाही. पुढच्या शुक्रवारी खालच्या अरब शेजारणीला घेऊन ती आमच्या खोलीत आली. हातात नवा नारळ.

"आता ओटी कुणाची?" तिनं विचारलं. "मजला मी बघते, काकूंना नको."