खळ्यावरची चप्पल

मला शुगर होऊन तीस वर्षं झाली. दोन्ही पाय शाबूत आहेत, सुईत दोरा ओवता येतो, आणि शेजारच्या गुंद गावच्या रस्त्यापर्यंत जाऊन यायला कुणाचा हात धरावा लागत नाही. लोक म्हणतात, म्हातारीचं नशीब. नशीब कसलं? तीस वर्षं मुठीएवढाच भात खाल्ला, सणाचं पायस दुसऱ्यांना वाढलं, घरची सगळी उकडलेले काटेकणगीचे कंद सोलत बसली की मी उठून परड्यात गेले. रोज सकाळी आरसा खाली ठेवून पायाचे तळवे बघितले. आजही बघते.

चूक एकच झाली. हे सगळं मी लपवून केलं. मुलगी लग्नाची होती. आईला रोग आहे म्हटलं की सोयरीक मोडते. गोळ्या मिठाच्या मडक्यामागे असायच्या. मुलगी सासरी गेली, तोवर न सांगण्याची सवय लागली होती. पुढे घरात कळलं ते एवढंच, की आयेला शुगर आहे आणि आयेला काही होत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी कन्नडमध्ये दम दिला होता, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, लागलेलं तुला कळणार नाही. पण आमच्याकडे भाताच्या खळ्यावर चप्पल घालून कुणी जात नाही. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर भात, म्हणजे लक्ष्मी. म्हणून मी खळ्यावर पाय ठेवणंच सोडलं. काठावर बसून सुपानं भात पाखडायची. जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बसली बघा मामलेदारीण!" तिलाही कारण सांगितलं नाही.

मग पन्नाशीच्या आतच माझ्या मुलाला शुगर निघाली. महिनाभर त्यानं गोळ्या घेतल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली ती तिथंच.

"गोळी घे रे," मी म्हटलं.

"आये, तुला इतकी वर्सं हाय न्हवं? काय वाकडं झालं तुझं? माझ्या आधी उठतीस, माझ्यापेक्षा जास्त चालतीस."

"ते काय उगाच हाय?"

"मग काय तर! पडशासारखं हाय ते. असतंय नि असतंय."

सून चुलीपासून हसली. "आत्ती, तुमच्यापेक्षा तेच आधी म्हातारं झाल्यात."

मला माझ्याच पायांचा राग आला. वीस वर्षांपूर्वी माझं एखादं बोट कापलं असतं तर हा शहाणा झाला असता.

मागच्या सुगीत मळणी चालली होती. मुलगा भारे झोडत होता, मी काठावर सूप घेऊन. पिवळ्या भातावर मला तांबडे डाग दिसले. त्याच्या पावलामागून उमटत चाललेले.

"पायात काय हाय बघ!"

त्यानं पाय उचलला. अंगठ्याखाली कळकाचा काटा अर्धा आत गेला होता. तो उपसून फेकला आणि हसला. "दुखत बी न्हाई." परत भारा उचलला.

लागलेलं कळणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते हेच. बाहेर ये, पाय धू, चप्पल घाल, म्हणून ओरडले. ऐकेना. मग मी त्याच्या चपला हातात घेतल्या आणि माझ्या पायातल्या तशाच ठेवून खळ्यात शिरले.

जाऊ किंचाळली, "अगं बया, लक्ष्मीवर चप्पल!"

कामाला आलेली माणसं थांबली. मुलानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. "अब्रू घालवलीस आये," म्हणाला. जखम धुऊ दिली नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच टाकलं.

बाराव्या दिवशी त्याला ताप भरला. अंगठा काळा पडला होता. बेळगावला नेऊन अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. उरलेला पाय ठेवायचा असेल तर गोळ्या, इंजेक्शन, पथ्य, काही चुकवायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावून पाठवलं.

घरी आल्यावर त्याला बघायला जाऊ आली. पायाकडे बघून म्हणाली, खळ्यावर चप्पल गेली, दुसरं काय होणार? गावही तेच बोलत होतं. आणि माझा मुलगाही. औषधाची पिशवी परत खुंटीला गेली.

"देवीचा कोप गोळीनं उतरतो व्हय?" म्हणाला. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलला ते हे. "आधी तू माफी माग. गोळीचं मग बघू."

"मागते," मी म्हटलं. "पण गोळी आत्तापासून. इंजेक्शन बी. माझ्या डोळ्यासमोर. एक दिवस चुकलास तर परत जाऊन चपला घालून नाचीन खळ्यावर."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. त्यानं रागानं हात पुढे केला आणि गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी चपला काढून खळ्यावर गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. जाऊ साक्षीला उभी होती. नारळ ठेवला, नाक घासलं, चुकले म्हटलं. काय चुकले ते मला ठाऊक नाही. घरी येऊन आधी पाय धुतले.

जखम भरायला तीन महिने लागले. सून रोज पट्टी बदलायची. आता तो काठी टेकत शेताकडे जातो. कुणी विचारलं की पाय पुढे करून सांगतो, "आयेनं नारळ ठेवला आणि उतार पडला." जाऊ मान हलवते.

 जेवायच्या आधी मी त्याला तोंड उघडायला लावते, आणि गोळी गिळली का, ते जिभेखालीसुद्धा बघते.