कारण लेखी द्या

माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना एक-दोन दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या, एवढंच माझ्या मनात होतं. शिरपूरच्या जैन मंदिरात जाणारी माणसं आमच्या गावावरूनच जातात. सणावाराला तिथे राहायला जागा मिळत नाही, आणि अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मला रिकामं बसणं जमत नव्हतं. खोल्यांना वेगळा जिना होता, वेगळं न्हाणीघर होतं. पाहुण्यांना त्यांच्या नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत स्वतः रांधून खाता यावं म्हणून शेगडी आणि कोरी भांडीही आणून ठेवली. नोंदणीसाठी फक्त ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. 'फक्त' हा शब्द माझा.

अर्ज तीन मासिक सभांत पुढे ढकलला गेला. चौथ्या महिन्यात सरपंच, ग्रामसेवक आणि दोन सदस्य घराची पाहणी करायला आले. मी चहा ठेवला. चौघांचाही 'आत्ताच झाला' होता. वरच्या खोल्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे बैठकीतल्या भिंतीवर, निळ्या कोटातल्या फोटोवर.

"बाई, आमचं काही नाही," सरपंच म्हणाले. "पण येणाऱ्या लोकाईचं पाहा लागते ना. तेवढा फोटो आतल्या खोलीत नेऊन टाका. अन् बाहेरच्या पाटीवर आडनाव कायले पाहिजे? नुसतं 'अतिथी निवास' लिवा."

"काहून, सरपंच भाऊ?"

"तुमाले समजते सारं. उगी ताणू नका."

समजत होतंच. म्हणून तर डोकं फिरलं. माझ्याकडून निघाले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून चौघांनी चहा घेतला. मी गच्चीवरून पाहत होते, आणि लपूनही पाहत नव्हते.

इतकी वर्षं अंगणवाडीत मी दुसरं केलं काय, तर रजिस्टरं भरली. लेकराचं वजन घटलं तर का घटलं ते लिहा, खिचडी उरली तर का उरली ते लिहा. वरून कुणी साहेब आला की पहिला प्रश्न, कुठं लिहिलंय? ती खोड अंगात मुरलेली. दुसऱ्या दिवशी कोरा कागद आणि पेन घेऊन पंचायतीत गेले आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवले.

"दाखला देऊ नका. पण काहून देत नाही, ते लिहून द्या."

"बाई, असं कुठं लिवता येते काय?"

"मंग बोलता कसं येते?"

त्याने कागद सरपंचांकडे सरकवला. सरपंचांनी सदस्यांकडे पाहिलं. एक सदस्य फोनवर बोलत बाहेर गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "तुमची हरकत आहे का? असन तर इथं लिवा, खाली सही करा." माझ्या खोल्यांवरून गल्लीत तोंड वाजवणारा शेजारीही आला. "माहं काय जाते बाई," म्हणाला आणि ज्या कामाला आला होता ते न करताच निघून गेला.

दुपार टळली तरी कागद कोराच होता. शेवटी ग्रामसेवकाने दाखला काढला, शिक्का मारला, आणि सरपंचांनी मान वर न करता सही केली. पाटी त्याच आठवड्यात लागली, आडनावासकट. फोटो इंचभरही हललेला नाही.

पण त्या दिवशी पंचायतीतून निघताना तो कोरा कागद मी घडी घालून सोबत घेतला. याच गावच्या विहिरीवर माझी आई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. काहून, ते तिलाही कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. तिने मागितलं नाही, तिला अक्षर येत नव्हतं. मला येतं.