डेटॉलनं पुसलेले बाक

"सगळे बेंचेस डेटॉलनं वाइप करून घ्या, सिस्टर. पेरेंट्सना मी शब्द दिलाय."

मदर सुपिरिअर दारातूनच बोलल्या आणि गेल्या. दुबईतली आमची शाळा. शनिवारची सकाळ, तिसरीचा वर्ग. अंगावर सिस्टरचा पांढरा झगा, हातात बादली. पोरं यायच्या आत उरकायचं होतं.

मी पुसले. बसायची फळी, टेकायची फळी, हात ठेवतात ती कडसुद्धा. आदल्या दिवशी त्या बाकांवर माणसं बसली होती. माझी माणसं.

जबल अलीच्या कॅम्पातले कामगार होते ते. शुक्रवारी सुट्टी. कंपनीची बस त्यांना मिस्सेसाठी शाळेशेजारच्या चर्चपाशी सोडायची. बहुतेक नेवासा-शेवगावकडचे ख्रिस्ती, सोबत सुट्टीचे म्हणून येणारे कोकणातले काही हिंदू. वाचता येणारे थोडेच. साइटवर धोक्याचा बोर्ड लागलेला असायचा आणि हे त्याच्याखालून चालायचे. त्यांच्यातल्या एकाचा पाय असाच गेला. तेव्हापासून मिस्सा झाली की मी त्यांना वर्गात बसवून शिकवायची. डेंजर. स्टॉप. नो एंट्री. आधी अक्षरं, मग शब्द.

त्या शुक्रवारी गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस होती. अल मनखूलला राहणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मराठीच. वर्गात डोकावल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो सिस्टर, हे काय? आमची मुलं बसतात या बेंचवर! ही लेबर लोकं, घामाघूम... एवढी फी कशासाठी भरतो आम्ही?"

"मम्मा, इट्स जस्ट अ बेंच," मुलगी म्हणाली.

"यू कीप क्वाएट."

पहिल्या बाकावर याकोबदादा बसला होता. नेवाशाकडचा, शटरिंगचं काम करणारा, माझ्याहून मोठा. तो पटकन उठला. "चुकलं बाई," म्हणाला. त्या बाईंना. त्याच्यामागं सगळेच उठले. आणि मी? मी मूग गिळून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी गुमान बादली उचलली.

पुसताना वासानं डोकं भणभणलं. वास डेटॉलचाच होता, पण मला आमचं गाव आठवलं. मला पहिलीत घालायला वडील शाळेत आले होते. उन्हातून चालत आलेले, ओसरीवर जरा टेकले. ते गेल्यावर तिथं गोमूत्र शिंपडलं. मी वर्गाच्या दारातून बघत होते. आमच्या घरात क्रूस आला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. गावाला त्याचं काय? आम्ही महारवाड्यातलेच. तिथं गोमूत्र, इथं डेटॉल. समुद्र ओलांडून बाटली तेवढी बदलली.

वाटलं होतं, झगा घातला की जात झाकली जाईल. कसली झाकतेय! ऊसतोडीच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत बसून मी वर्षानुवर्षं पोरं शिकवली. दुबईला पाठवलं तेही शिक्षिका म्हणून. आल्या आल्या मदर म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश इथे चालणार नाही, सिस्टर. किचन बघा." चांगल्या घराण्यातल्या सिस्टरांना वर्ग. मला कणीक. त्यांच्यातल्या एकीचं इंग्लिश माझ्याहून कच्चं होतं, पण तिचं आडनाव पक्कं होतं. मी आज्ञापालनाचं व्रत घेतलं होतं ना. चपात्या लाटत राहिले.

बाक पुसून झाल्यावर मदरनी नवा हुकूम काढला. माणसं वर्गात नकोत. हवं तर मागच्या बाजूला, एसीच्या मशिनी आहेत तिथं बसवा. खाली, जमिनीवर.

पुढच्या शुक्रवारी हे सांगायला मी निघाले. कोणत्या तोंडानं सांगणार होते, देव जाणे. पण सांगायची वेळच आली नाही. वॉचमननं आधीच सांगितलं होतं. मागं गेले तर ते बसलेले. कॅम्पातून खोक्यांचे पुठ्ठे घेऊन आले होते, ते अंथरून. मशिनींची गरम हवा थेट तोंडावर येत होती.

याकोबदादा हसला. "आमी खालीच बरे हाये बाई. सवय हाये आमाला. तुमच्यावर काय यायला नको."

सवय हाये! तळपायाची आग मस्तकात गेली. मदरचा राग आला, त्या मनखूलच्या बाईंचा आला, पण सगळ्यात जास्त त्या हसण्याचा आला. वडील त्या दिवशी ओसरीवरून उठताना असंच हसले होते.

"उठा," मी म्हणाले.

"बाई, उगं कशाला..."

"उठा म्हणते ना! यल्ला, चला!"

वर्ग उघडला. सगळे आत आले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. याकोबदादानं गळ्यातला रुमाल काढला, बाकावर पसरला आणि त्यावर अंग चोरून बसायला लागला. बाक खराब होऊ नये म्हणून.

"रुमाल उचला, याकोबदादा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रुमाल उचलला. बसला. मग बाकीचे बसले. मी फळ्याकडं वळले आणि खडू उचलला.

आमच्या कॉन्व्हेंटात एक रीत होती. महिन्यातून एकदा सगळ्या सिस्टरांनी चॅपलमध्ये जमायचं, एकेकीनं गुडघे टेकून सगळ्यांसमोर आपली चूक सांगायची आणि क्षमा मागायची. त्या संध्याकाळी ती सभा मुद्दाम माझ्यासाठी बोलावली.

"गुडघे टेका, सिस्टर. म्हणा, मी आज्ञा मोडली, मला क्षमा करा."

मी उभी राहिले. आजवर तिथं कुणी उभं राहिलं नव्हतं. सिस्टरांच्या माना खाली.

"टेका!"

"मदर, मी बाक पुसले, ही माझी चूक. तिची क्षमा मी त्या माणसांकडं मागीन. दुसरी चूक मी केलेली नाही."

मदरचा चेहरा लाल झाला. "मग परत खेड्यात जा. तिथलीच आहात तुम्ही."

"पाठवा. पण तोवर शुक्रवारी मी शिकवणार."

वर्गाला कुलूप लागलं. मी कंपनीच्या बसमध्ये चढले आणि सीटवर बसवून शिकवलं. थोड्याच दिवसांत मला परत धाडलं. शिक्षा म्हणून. ज्या गावांत माझी माणसं जगतात, ती गावं यांच्या लेखी शिक्षा!

आता पुन्हा कोप्यांवरची पोरं शिकवते, मिशनच्या शाळेत. नवं पोरगं वर्गात येतं आणि बाक रिकामे असून दाराशी जमिनीवर बसतं. कुणी शिकवलेलं नसतं, बापाचं पाहिलेलं असतं. मी त्याला उठवते, बाकावर बसवते. बाप न्यायला आला की त्यालाही बसवते, तो नको नको म्हणत असताना.

व्रत मी सोडलेलं नाही, अजून सिस्टरच आहे. पण बाक पुसायची आज्ञा पुन्हा आली, मदरची येवो की बिशपांची, तर त्या बाकावर मी स्वतः बसणार आहे. ज्याला पुसायचा असेल त्यानं बादली घेऊन यावं आणि आधी मला उठवून दाखवावं.