माझ्या हातांऐवजी मोटर

चिकलठाण्याच्या शेडमध्ये वीस वर्षं मी एकच मिलिंग मशीन हातानं चालवलं. मग मालकांनी ते कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी करायचं ठरवलं. म्हणजे हँडलं फिरवायला माझ्याऐवजी तीन सर्व्हो मोटरी. त्या निवडायच्या बैठकीला त्यांनी मलाच बोलावलं. एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

मोटरी विकणारे साहेब पुण्याहून आले होते. त्यांनी कॅटलॉग उघडायच्या आतच मालक म्हणाले, "शेजारच्या शेडमध्ये बसवलीय ना, तिच्याहून मोठी दाखवा."

"सर, ताकद किती लागते त्यावर ठरतं."

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या मामांच्या हातात आहे तेवढी."

साहेबांनी खरंच बॅगेतून ताणकाटा काढला, हँडलच्या मुठीला अडकवला आणि मला ओढायला लावलं. मशीनचं टेबल जरासं सरकलं तसा त्यांनी आकडा लिहून घेतला. तो पाहून मालकांचा चेहरा उतरला. "एवढीच? मग मी इतकी वर्षं पगार कशाचा दिला?"

लोखंड कापताना तिप्पट ताकद लागेल, असं साहेब म्हणाले तेव्हा मालकांना जरा बरं वाटलं. मलाही.

मग मी विचारलं, "टेबल वर-खाली करायचा आताचा स्क्रू वजन धरून ठेवतो. तुम्ही नवा गुळगुळीत बसवणार. लाइट गेल्यावर टेबल कोण धरणार?"

"इथं लाइट जाते?" साहेबांनी विचारलं.

मालक आणि मी एकदमच हसलो. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मग त्या जागी ब्रेकवाली मोटर लागेल," साहेब म्हणाले. "पुढच्या पानावर आहे."

मोटरी बसल्या. आता पाहुणे आले की मालक सांगतात, "लई अभ्यास करून निवडल्यात." मी बटण दाबतो. आता उभ्यानं करण्यासारखं काम उरलं नाय म्हणून मला एक स्टूलही दिलं. पहिल्याच दिवशी मी त्यावर बसलेला ऑफिसातल्या मॅनेजरांना दिसलो.

"मामा, काम नाय का?"

"चाललंय की," मी मशीनकडं बघत म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मशीन खरंच कापत होतं. "असू द्या," ते म्हणाले, "पण बसलेलं बरं दिसत नाय."

तेव्हापासून मी पूर्ण पाळी हात मागं बांधून मशीनजवळ उभा असतो. स्टुलावर मॅनेजर त्यांचं हेल्मेट ठेवतात.