लोखंडातले धुरे

लॅबमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. बेसिनच्या नळीत गाळ बसावा तसे ते बसत जातात, आणि एक दिवस पाणी तुंबलं की सगळे एकदम वर येतात. मी राठोड. यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट होतो. छप्पन्नच्या दीक्षेनंतर चार-पाच वर्षांनी आमच्या ठोंबरे सरांच्या हाताखाली तायडे नावाचा डेमॉन्स्ट्रेटर आला. बोरी अरबचा. त्याचं वेड काय होतं ते ऐका.

लोखंड म्हणे आतून एकसारखं नसतं. डोळ्याला दिसणार नाहीत अशी त्यात बारीक बारीक वावरं असतात. प्रत्येक वावरात चुंबकपणाची दिशा वेगळी, आणि दोन वावरांच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध. हे धुरे शोधायचे, मोजायचे, त्यावर थीसिस लिहायचा आणि लेक्चरर व्हायचं! एवढंच त्याला हवं होतं. पण धुरे दिसतात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, आणि तसलं यंत्र दूर मोठ्या शहरात. म्हणून लोखंडाचा पापुद्रा आम्ही बनवून पोस्टाने पाठवायचा, आणि तिथल्या ऑपरेटरने फोटो काढून काचेची प्लेट परत पाठवायची. असा सगळा कारभार!

*

पहिलं पार्सल मीच घेऊन गेलतो. पोस्टातल्या बाबूंनी डबी कानाशी धरून हलवली.

"काय आहे आत?"

"लोखंड."

"वजन तं लागूनच नाही राह्यलं! किती आहे?"

"डोळ्याले दिसत नाही इतकं."

"मंग पाठवून कायले राह्यले?"

"पाह्यले!"

बाबूंनी चष्मा काढला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शिक्का मारला.

*

तायडेच्या वडिलांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. लोकांच्या वावरात राबून त्यांनी पोराला एम.एस्सी. केलं. दीक्षा घेतली त्या वर्षी कोनाड्यातले देव उतरवले आणि त्या जागी पोराची पुस्तकं मांडली. एकदा ते लॅब बघायला आले. तायडेने त्यांच्या हातात लोखंडाचा तुकडा दिला आणि धुऱ्यांची सगळी गोष्ट सांगितली. बाबा तो तुकडा उलटासुलटा करत राहिले.

"म्हंजे लोखंडातबी वाटण्या झाल्या?"

"हो, बा."

"अन् आपल्या वाट्याले काय आलं?"

तायडे खो खो हसला. मला काही हसू आलं नाही.

*

वर्षभरात तीन प्लेटा आल्या. तिन्ही आरशासारख्या साफ, आणि एकीवरही धुरा नाही! ऑपरेटरचं आपलं एकच, नमुना उत्तम आहे, पण त्यात काही नाही. तायडेचं जेवणावरचं मन उडालं. मग एका दुपारी त्याने टेबलावर हात आपटला.

"राठोडभाऊ, त्या यंत्राचं भिंगच चुंबक हाय! पापुद्रा त्याच्यात ठेवला का सारे धुरे मोडून एकच वावर होते. म्हंजे पाह्यले गेलं का पुसून जाते!"

"मंग आता?"

"ते भिंग बंद ठेवा लागते. चित्र धूसर येईन, पण धुरे दिसतीन. धूसर आलं तं जमलं समजा. साफ आलं तं गेलं!"

सरांनी तसं शहरात कळवलं. ऑपरेटरचं उत्तर आलं, "आमच्या यंत्रातून धूसर चित्र बाहेर जात नाही."

आता या माणसाला काय म्हणावं, सांगा! माझं तर डोकंच फिरलं. सरांनी आणखी तीन पत्रं घातली, तेव्हा कुठे महाशय कबूल झाले. एकदाच भिंग बंद ठेवीन, पण नमुना मे संपायच्या आत हवा.

*

यवतमाळचा मे! पापुद्रा पातळ करायला तो ॲसिडमध्ये बुडवून वीज सोडायची. ते भांडं बर्फात ठेवायचं, कारण तापलं की ॲसिड भडकतं. बर्फ आणायचं काम माझं. लग्नसराई होती, कारखान्यावर ही गर्दी! कशीबशी लादी मिळाली. भुसा घालून पोत्यात गुंडाळली आणि सायकलला बांधली. वाटेत एक कप चहाला थांबलो. तिथे ओळखीचा माणूस भेटला, मग दुसरा कप झाला. लॅबमध्ये पोचलो तेव्हा पोत्यात बर्फापेक्षा पाणीच जास्त होतं.

"इतका पुरते काय?" तायडेने विचारलं.

"पुरते की! काहून नाही पुरत?"

पहिला पापुद्रा निघाला. दुसऱ्याच्या वेळी ॲसिड भडकलं आणि भांडं फुटलं. तायडेचा उजवा डोळा जागीच गेला. डावा मंद होत होत पोळ्यापर्यंत गेला. चहाचं मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. त्यालाही नाही. मला त्याची लाज वाटते, अजूनही वाटते.

*

पहिला पापुद्रा सरांनी शहरात पाठवला होता. पोळ्यानंतर त्याची प्लेट आली. सरांनी ती खिडकीशी धरून पाहिली आणि माझ्या हातात दिली. "तुम्हीच जा, राठोड. माझ्याने नाही होणार."

बोरी अरबला बाबा दारातच भेटले. मी हळूच सांगितलं, "बाबा, काच कोरी आहे. काहीच नाही आलं."

त्यांनी वळून आत पाहिलं. "त्याले सांगू नोको. आण इकडे."

तायडे पुस्तकांच्या कोनाड्याखाली खाटेवर पडला होता. बाबांनी दारातल्या उन्हात प्लेट धरली.

"हायेत रे बाबू! धुरे हायेत!"

तायडे ताडकन उठून बसला. "किती?"

कोऱ्या काचेवर बोट फिरवत बाबांनी मोजले. "सहा!"

"हो, सहा," मीही म्हणालो.

स्फोटानंतर पहिल्यांदाच तायडे हसला. "बा, चित्र कसं हाय? धूसर हाय का साफ हाय?"

मी बाबांचा हात दाबायला पुढे झालो, पण उशीर झाला होता.

"साफ!" बाबा म्हणाले. "एकदम साफ हाय, बाबू! आरशावानी!"

 तायडेने हात पुढे करून बापाचा खांदा चाचपला.

"वा, बा. सहा म्हंजे लय झाले," तो म्हणाला. "राठोडभाऊ उन्हातून आले असतीन. त्याइले चहा ठेव."