हुपरीचे पैंजण आणि एक मुकं घुंगरू

मागच्या महिन्यात शाहूपुरीत एका पुस्तकांच्या दुकानात आमचा छोटासा कार्यक्रम होता. विषय… जुन्या काळाशी धागा जोडणाऱ्या नव्या कादंबऱ्या. रहस्य, भूत, प्रेम, सगळी मिसळ एकाच ताटात! माझी पहिलीवहिली कादंबरी नुकतीच आलेली, म्हणून मलाही बोलावणं होतं.

माझ्या कादंबरीत हुपरीची एक मुलगी आहे, घरातच चांदीचे पैंजण घडवणारी. प्रेमापायी विहिरीत जीव देते, आणि मग रोज दिवेलागणीला विहिरीवर तिचे पैंजण वाजतात… आमचे हे म्हणाले, "घरात भूत असताना हुपरीपर्यंत कशाला गेलीस?" असो.

खरं सांगायचं तर ही गोष्ट सुचली एका जुन्या पैंजणांच्या जोडावरून. गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, एकाकडे मोडीत आला होता, वितळवायला निघालेला. मला आवडला, घेऊन टाकला. दोन्ही पैंजणांत फाशाजवळचं, म्हणजे अडकवायच्या कडीजवळचं, एकेक घुंगरू मुकं होतं… आत दाणाच नाही. माझ्या नायिकेनं ती जागा प्रियकरासाठी रिकामी ठेवली, असं मी आपलं रचलं. विहीर, जीव देणं, आवाज… सगळं माझ्या मनचं.

कार्यक्रमाला अर्थातच तेच पैंजण घालून गेले. मिरवायची हौस, दुसरं काय!

बोलून झालं, चहा आला. एक म्हातारे गृहस्थ सुनेचा हात धरून पुढे आले. सून म्हणाली, "आम्ही हुपरीचे. आण्णांना तुमची कादंबरी वाचून दाखवली, तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नाही." मी मनातून खूश! लेखकाला आणखी काय हवं…

तेवढ्यात आण्णा एकदम खाली वाकले. मला वाटलं, पाया पडतात की काय! घाईनं मागे सरले तर पैंजण वाजले, आणि आण्णा तसेच वाकलेले राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, जरा काढून देतासा काय?"

मी काढून दिले. त्यांनी चाचपत फाशाजवळचं घुंगरू शोधलं, कानाशी नेऊन हलवलं. "आक्काचं हाय," ते म्हणाले. "कुठं भेटली तुमास्नी? हिरीवर?"

भर दुपार होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते… तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग सुनेनं सगळं सांगितलं. आण्णा लहान होते तेव्हा त्यांची थोरली बहीण, म्हणजे ही आक्का, एका संध्याकाळी नाहीशी झाली. विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या, बाकी काही नाही. विहीर इतकी खोल की कुणाला तळ लागला नाही. पायात तिनं स्वतःच्या हातानं केलेला पहिला जोड होता. त्यांच्या घरात रीतच होती, मुलीनं पहिला जोड केला की दोन्ही पैंजणांत फाशाजवळचं एकेक घुंगरू मुकं ठेवायचं.

"तुमी पिरमाचं लिवलंय ते झूट हाय," आण्णा मला म्हणाले. "दिष्ट लागू ने म्हणून असतंय ते. आमच्या घराबिगर कोन करत न्हाय."

दर अमावस्येला आण्णा त्या विहिरीवर दिवा लावतात. लहानपणापासून. आणि दिवा लावला की त्यांना पैंजण ऐकू येतात… अगदी मी लिहिलंय तसेच. आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, "आक्का सुटली का न्हाय ओ? माझ्यामागं तिला दिवा कोन लावनार?"

अहो आण्णा, हे सगळं खोटं आहे, मी घरात बसून रचलंय, असं सांगायला तोंड उघडलं… आणि त्यांच्या तळहातावरच्या पैंजणांकडे लक्ष गेलं. कड्या झिजून दोऱ्यासारख्या झालेल्या. घुंगरं आतल्या बाजूनं पार सपाट. माझ्या आईच्या जुन्या जोडव्यांसारखी.

"आण्णा, आक्का गेल्या तेव्हा हे नवेच होते ना?"

"व्हय. त्याच आटवड्यात केलती तिनं."

"मग इतके झिजले कसे?"

आण्णा कितीतरी वेळ कड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा फुलत गेला. "घातल्यात की… लई वर्सं घातल्यात! पळाली, सूनबाई, आक्का पळाली! चपला ठिवून समद्या गावाला फशिवलं बघ तिनं!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. म्हातारा रडत होता आणि हसत होता. मी पण.

आणि मग ते हसता हसता थांबले. माझ्याकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले…

"मग हिरीवर वाजतंय ते कोन?"

मी पैंजणांचा जोड त्यांच्या पिशवीत घातला. माझ्या पायात तो पुन्हा चढलाच नसता.

परवा अमावस्या झाली. रात्रभर आण्णाच डोळ्यांसमोर होते. सकाळी न राहवून सूनबाईंना फोन केला. म्हणाल्या, "गेले होते की दिवा घेऊन. मी म्हटलं, आण्णा, आक्का तिथं नाहीत हे कळलं ना आता? तर म्हणाले, आक्का न्हवं तर न्हवं… कुनाची तरी आक्का असंलच की."

फोन ठेवला. विहिरीवरची ती बाई मीच लिहिली होती, पानंच्या पानं… पण तिच्यासाठी रडू मला काल पहिल्यांदा आलं. आण्णा, तुमचे उपकार.