आसाच्या पेटीवर हात

परवा सुनेची कंबर आखडली होती. नात हसत म्हणाली, "आजोबा, आज आईचं इंजिन शेडमध्ये आहे." ते वाक्य माझं. नातीने आजीला पाहिलेलंही नाही, पण वाक्य घरात उरलं.

झाशीला कोळशाची इंजिनं होती तेव्हा मी स्टेशनात गाड्या तपासत असे. गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने चाकं ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर चाक ठीक, बद्द वाजलं तर तडा. पहाटे तो आवाज रेल्वे कॉलनीपर्यंत जाई आणि ही माझ्यासाठी चहा ठेवी. ती झाशीजवळच्या गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. कामं करताना बुंदेली गाणी गुणगुणायची. शेजारीण भिंतीपलीकडून ओळ उचलायची. ते अजून कानात आहे.

धाकट्याच्या जन्मानंतर तिची कंबर दुखू लागली. एक्स-रे साफ निघाला.

"वाजतंय खणखणीत," मी म्हणालो. "चाक फिट."

"चाकाला विचारलंत का?" ती म्हणाली.

दुखणं राहिलं, गाणं थांबलं. हळदीकुंकवाला जाणंही सुटलं. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पाहुण्यांना मी सांगे, "आमचं इंजिन शेडमध्ये आहे." म्हणजे काम टाळतेय, असं समजून सगळे हसत. एकदा शेजारीण म्हणाली, "भैयाजी, भौजी चूल्हे के सामने बैठीं रो रईं हतीं."

"धुआँ लगा होगा," मी म्हणालो.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांमुळे मीच असा गप्प बसू लागलो, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. दुखणं लांबलं की मेंदूच बदलतो. वेदना जाणवणं आणि मन खचणं यांच्या वाटा तिथे बऱ्याच एक आहेत. एक दुसऱ्याला वाढवतं. एक्स-रेत ते दिसत नाही.

हे मला कळायला हवं होतं. चाक ठोकल्यावर आसाच्या पेटीवर, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक जिच्यात फिरतं तिच्यावर, हात ठेवून पाहायचा, हा आमचा नियम होता. चाक खणखणीत वाजलं तरी पेटी आतून तापलेली असू शकते. मी एकही पेटी कधी सोडली नाही. तिच्या कमरेवर मात्र हात ठेवला नाही.

नातीला जवळ बोलावलं. "ते पुन्हा म्हणू नकोस. तुझी आजी आळशी नव्हती. तिला खरंच दुखत होतं, मी ते खोटं ठरवलं."

"मग आईला काय म्हणू?"

"काही नको. जवळ जाऊन बस."

ती गेली. थोड्या वेळाने आतून सुनेचा आवाज आला, "जरा खाली दाब गं. हां, तिथेच."